‘शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्याजोगा दोष’: अठ्ठाविसाव्या आठवड्यातला एक रिपोर्ट

चोवीस आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर मत देणाऱ्या मेडिकल बोर्डाचा रिपोर्ट पानभर होता, पण सगळं अडलं ते एका ओळीवर: ‘पाठीच्या कण्यातील दोष जन्मानंतर शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्याजोगा आहे, गर्भ जगण्याच्या अवस्थेस पोहोचला आहे, सबब गर्भपाताची शिफारस करता येत नाही.’ ओळ खोटी नव्हती. बाळाच्या पाठीवरची उघडी जागा खरोखरच शिवता येते. पण ही ओळ वाचणाऱ्याला वाटतं की टाके पडले की पाय हलतील, लघवीवर ताबा येईल. तसं होत नाही. पुढचा जवळजवळ आठवडा या एका ओळीचा अर्थ लावण्यात गेला.

प्रकरण चर्चेसाठी रचलेलं आहे. मुंबईत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एकाच बाईच्या फाइलमध्ये आणल्या आहेत. कायदा, निकाल आणि वैद्यकीय तपशील मात्र जसे आहेत तसेच.

बाई २९ वर्षांची, राहणार भांडुप. नवरा टेम्पो चालवतो. पहिली मुलगी सहा वर्षांची, तेव्हाची प्रसूती नॉर्मल. या खेपेला नवव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली होती, आणि ती पुढे फार उपयोगी पडली. त्या काळातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख फार तर आठवडाभर इकडेतिकडे होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच मोजलं तर तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो, आणि मग बोर्डासमोर दोष बाजूला राहून ‘नक्की किती आठवडे?’ यावरच वाद होतो. जुना रिपोर्ट सापडत नसेल तर सोनोग्राफी सेंटरकडून दुसरी प्रत मागून आणावी. पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्यामुळे प्रत्येक तपासणीच्या नोंदीचा फॉर्म एफ तिथे भरलेला असतो, त्यामुळे निदान तारीख तरी हाती लागते.

ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळातले दोष शोधणारी सोनोग्राफी, अठरा ते वीस आठवड्यांत व्हायला हवा. हिला पालिकेच्या रुग्णालयात तारीख मिळाली वीस आठवडे दोन दिवसांची. सतराव्या आठवड्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून ती चिपळूणकडे माहेरी गेली आणि आठ आठवडे तिथेच राहिली. गावात काळजी घेतली गेली नाही असं नाही. आरोग्य केंद्रात वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या, सगळं वेळच्या वेळी झालं. दर वेळी ‘ठोके छान आहेत’ असं सांगितलं गेलं. हे वाक्य ऐकलं की घरचे निर्धास्त होतात. पण कणा उघडा असला तरी ठोके छानच असतात.

परत आल्यावर नवी तारीख मिळाली २६ आठवडे ४ दिवसांची. वीस आठवड्यांना हेच निदान झालं असतं तर दोन डॉक्टरांच्या मतावर निर्णय झाला असता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय गर्भपात कायद्यात बाळात गंभीर व्यंगाचा धोका असेल तर २४ आठवड्यांपर्यंत तेवढंच लागतं. बोर्ड नाही, कोर्ट नाही. ‘इतक्या उशिरा गर्भपात नैतिक आहे का?’ हा प्रश्न आपण त्या बाईला विचारतो. तो उशीर कुठे तयार झाला हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

सोनोग्राफीत काय दिसलं

पहिल्या तपासणीत मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या १४ मिलिमीटर होत्या. १० पर्यंत ठीक धरतात, १५ च्या पुढे गंभीर. लहान मेंदू मागे खेचला जाऊन केळ्यासारखा वाकलेला होता. डोक्याचा पुढचा भाग लिंबासारखा चेपलेला दिसणं ही दुसरी खूण, पण ती चोविसाव्या आठवड्यानंतर बहुधा नाहीशी होते. ‘लिंबू दिसत नाही म्हणजे काही नाही’ असं समजून उशिराच्या तपासणीत चूक होते ती इथे.

२७ व्या आठवड्यात फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळाचे आजार पाहणाऱ्या) डॉक्टरांनी मणके मोजून नेमकं सांगितलं: कमरेच्या तिसऱ्या मणक्यापासून खाली कणा उघडा, पोकळ्या आता १६ मिलिमीटर, दोन्ही पावलं आत वळलेली. दुसरा अवयवदोष नाही. गर्भजल तपासणीत गुणसूत्रांचा घाईचा रिपोर्ट तीन दिवसांत आला, तो नॉर्मल.

या उघड्या कण्याला ‘स्पायना बायफिडा’ म्हणतात, पण एवढंच नाव रिपोर्टात लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त ‘मुंबई’ लिहिण्यासारखं आहे. दोष त्रिकास्थीच्या (माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या) खालच्या भागात असेल तर बहुतेक मुलं चालतात. कमरेच्या वरच्या मणक्यांपासून असेल तर बहुधा चाकाची खुर्ची. तिसरा मणका मधला: लहानपणी कॅलिपर आणि कुबड्यांवर घरात-शाळेत चालणं जमतं, वय आणि वजन वाढलं की बरेच जण खुर्ची पत्करतात. बुद्धी? पुष्कळ मुलांची नॉर्मल कक्षेत असते, काहींना शिकण्यात अडचणी येतात. डोक्यात पाणी वाढून शंट बसवावा लागला तर त्या जास्त. शंट ही मेंदूतून पोटात पाणी उतरवणारी बारीक नळी. ती तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो, आणि पहिल्याच वर्षात दहापैकी तीन-चार मुलांची ती बदलावी लागते.

पोटातच ऑपरेशन करण्याचा मार्गही आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘मॉम्स’ चाचणीत जन्मापूर्वी शिवलेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना वर्षाच्या आत शंट लागला, जन्मानंतर शिवलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. पण त्या चाचणीत २६ आठवडे पूर्ण होण्याआधीच्याच गर्भवती घेतल्या होत्या. ही बाई सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झाली तेव्हा ती वेळ चार दिवसांपूर्वीच टळली होती.

समुपदेशनात सांगायचं काय

टक्केवारीने फारसं कळत नाही. दिवस कसा जाईल ते सांगितलं की कळतं. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत पाठीचं ऑपरेशन, बहुधा काही दिवसांनी शंट. वळलेल्या पावलांना आठवड्या-आठवड्याने प्लास्टर. लघवीसाठी दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, काहींचं रात्रीसुद्धा, आणि हे जन्मभर. यात हयगय झाली की लघवी मागे चढून मूत्रपिंडं खराब होतात. या मुलांच्या जिवाला पुढे जो धोका असतो त्यातला मोठा भाग हा. साधारण सहा-सात वर्षांचं मूल नळी स्वतः घालायला शिकू शकतं. म्हणजे शाळेत दाराला कडी असलेलं, नळाला पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. ‘मूल शाळेत जाईल का?’ याचं उत्तर इथे बुद्ध्यांकापेक्षा त्या कडीवर जास्त अवलंबून असतं.

याच टप्प्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी, आणि ती उरकल्यासारखी मांडू नये. अपंग हक्कांच्या चळवळीतल्या लोकांचा आक्षेप असा, की आपण ज्याला ‘गंभीर व्यंग’ म्हणतो त्यातलं निम्मं ओझं शरीराचं नसून जिने, रेल्वेचे पूल आणि लोकांच्या नजरा यांचं असतं. आणि या कारणासाठी कायदा वेळेची मर्यादा उठवतो, तेव्हा आज असंच शरीर घेऊन जगणाऱ्याला तो काय सांगत असतो? आक्षेप पोकळ नाही. कॅथेटर (लघवीची नळी) आणि कॅलिपर वापरत नोकरी करणारी, लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून रोज प्रवास करणारी माणसं या शहरात आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने राज्यावर कर्तव्यं टाकली आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत मज्जानलिकेचे, म्हणजे उघड्या कण्यासारखे, दोष आहेत. पण राज्याने उभी न केलेली व्यवस्था एका बाईने जन्मभर आपल्या खांद्यावर वाहावी, हा त्या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष नव्हे. आक्षेपाचा रोख समाजाकडे आहे. पेपर मात्र तिला सोडवायला दिला जातो.

हिला असं मूल वाढवणाऱ्या एका आईची भेट घ्यायची आहे का, हे विचारलं. ‘घ्यायचं असेल तर’ एवढंच, आग्रह नाही. ती भेटली. परत येऊन म्हणाली, “त्या ताई थोर आहेत. पण त्यांच्या सासूबाई दिवसभर घरी असतात. माझ्या घरी कोण आहे?” हे स्वार्थाचं बोलणं नाही. नळी दर चार तासांनी कुणाच्या तरी हातानेच घातली जाते, आणि तो हात कुणाचा हाच हिशेब ती करत होती.

मग तिला एकटीला बसवून बोलणं झालं. नवरा, नणंद, सासरे बाहेर. कायद्याला संमती फक्त गर्भवती बाईची लागते. नवऱ्याची सही ही कायद्याची अट नाही, ती रुग्णालयांनी स्वतः लावून घेतलेली सवय आहे. एकटीला विचारायचे प्रश्न दोनच: घरच्यांपैकी कुणालाही कधीच कळणार नसेल तर तू काय ठरवशील? आणि पाच वर्षांनी या दिवसाकडे बघताना तुला कशाची भीती वाटते? पर्याय तीनही सांगितले. गर्भ ठेवून मोठ्या केंद्रात प्रसूती. गर्भ ठेवून जन्मानंतर बाल कल्याण समितीसमोर बाळ सोपवणं, ज्यात फेरविचाराला दोन महिने मिळतात. आणि गर्भपात. तिने गर्भपात निवडला. मग तिने विचारलं, “त्याला दुखेल का?”

याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही हो’ असं देऊन टाकतात. चोविसाव्या आठवड्याआधी मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत वेदनेच्या वाटा जोडलेल्या नसतात, हे प्रचलित वैद्यकीय मत आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तीच ग्वाही देता येत नाही. म्हणून उत्तर असं द्यावं: नक्की नाही असं म्हणता येत नाही, तुला दिलेलं वेदनाशामक काही प्रमाणात त्याच्यापर्यंत पोहोचतं, आणि इंजेक्शनने ठोके थांबवण्याचं काम काही मिनिटांत होतं. ती ‘बाळ’ म्हणत असेल तर आपणही ‘बाळ’ म्हणावं. रिपोर्टात ‘गर्भ’ लिहिलं तरी चालतं, तिच्या तोंडावर तो शब्द आपटू नये.

बोर्ड

२०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबरपासून लागू झाली. बाळात गंभीर दोष असल्याचं मेडिकल बोर्डाने निदान केलं तर २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. बोर्डात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट असतातच, शिवाय गरजेप्रमाणे इतर तज्ज्ञ बोलावता येतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं, आणि परवानगी असेल तर अर्जापासून पाच दिवसांत प्रक्रिया पार पडेल हे पाहायचं.

इथे अर्ज २७ आठवडे ४ दिवसांना गेला आणि मत बरोबर तिसऱ्या दिवशी आलं. वेळ पाळली गेली, गफलत प्रश्नातच झाली. बोर्डासमोर न्यूरोसर्जन नव्हता, मूत्रविकारांचा तज्ज्ञ नव्हता, मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. सोनोग्राफी नव्याने झाली, पण दोष कोणत्या मणक्यापासून आहे हे रिपोर्टात आलंच नाही. दोष गंभीर आहे का, हा वैद्यकीय प्रश्न बोर्डाचा होता. त्याऐवजी बोर्डाने ‘इतक्या आठवड्यांना करावं का?’ याचं उत्तर दिलं, आणि ते झाकायला ‘शस्त्रक्रिया शक्य’ ही ओळ वापरली. त्यात सभासदांचा दुष्टपणा नसतो. अठ्ठाविसाव्या आठवड्याचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) वाचवणारे हातच या कागदावर सही करणार असतात, तो अवघडलेपणा समजण्यासारखा आहे. पण अवघडलेपण लिहायला रिपोर्टात रकाना नसतो, म्हणून ते ‘दुरुस्त होण्याजोगा’सारख्या शब्दांत शिरतं.

उच्च न्यायालयात

मुंबईने हा वाद आधीच पाहिला आहे. २००८ मध्ये चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयात गंभीर दोष सापडलेल्या बाईला इथल्याच उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती. तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती, आणि ती बदलण्याच्या मागणीला जोर त्या प्रकरणापासून आला. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने कवटीच न झालेल्या बाळांच्या प्रकरणांत परवानगी दिली, आणि २०१७ मध्ये २६ आठवड्यांच्या डाउन सिंड्रोमच्या प्रकरणात नाकारली. जगूच न शकणारं बाळ आणि जगेल पण अपंगत्वासह असं बाळ, यांतली रेघ तेव्हापासून ठळक दिसते. खरा वाद नेहमी दुसऱ्या प्रकारावरच होतो. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३३ आठवड्यांच्या एका प्रकरणात, डोकं आणि मेंदूची वाढ खुंटलेलं बाळ असताना, बोर्डाचा नकार बाजूला ठेवला. गंभीर दोष असेल तर आठवडे किती झाले हे महत्त्वाचं नाही आणि निवड बाईची आहे, बोर्डाची नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं.

हिची याचिका २८ आठवडे १ दिवसाला दाखल झाली. वकिलांनी शहाणपणा केला. थेट ‘परवानगी द्या’ एवढंच न मागता, बोर्डाकडून चार प्रश्नांची उत्तरं घ्या अशी विनंती केली. दोष कोणत्या मणक्यापासून, आणि त्यावरून पाय कितपत चालतील? शस्त्रक्रियेने काय सुधारेल आणि काय सुधारणार नाही? गर्भ ठेवला तर आणि काढला तर, बाईच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होईल? आणि परवानगी मिळाल्यास आधी ठोके थांबवणार का, बाळ जिवंत जन्मलं तर जबाबदारी कुणाची?

दुसऱ्या खेपेला बोर्डाने न्यूरोसर्जन आणि मानसोपचारतज्ज्ञाला बोलावलं. आधीची ओळ रिपोर्टातून गेली. तिच्या जागी आलं: ‘शस्त्रक्रियेने पाठ बंद होईल व जंतुसंसर्गाचा धोका कमी होईल. पाय, मूत्राशय व आतड्यांवरील नियंत्रण त्याने परत येणार नाही.’ डॉक्टर बरेचसे तेच, बाळ तेच, मोजमापं तीच, मत उलटं. परवानगी २८ आठवडे ६ दिवसांना मिळाली.

लेबर वॉर्ड

चौथा प्रश्न नसता तर प्रकरण इथे पुन्हा अडलं असतं. एकोणतिसाव्या आठवड्यात बाळ सव्वा किलोच्या आसपास असतं. नुसत्या कळा आणल्या तर ते जिवंत जन्माला येण्याची शक्यता मोठी असते. मग २०१९ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे त्याची काळजी घेणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे, आणि आईवडिलांनी नाकारलं तर जबाबदारी राज्याची. म्हणजे ज्या बाळाला एक मोठा दोष होता, त्याच्या वाट्याला आता अपुऱ्या दिवसांचे धोकेही येतात. ‘इंजेक्शन नको, नुसती प्रसूती करू’ हा मध्यममार्ग वाटतो, पण त्यातून सर्वांत वाईट शेवट निघतो.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनात २१ आठवडे ६ दिवसांनंतर आधी ठोके थांबवावेत असं आहे. आपल्या मूळ कायद्यात त्याबद्दल शब्द नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ९१ आठवतं: मूल जिवंत जन्मू नये म्हणून केलेली कृती. गर्भपात कायद्याच्या चौकटीत केलेल्या कामाला त्या कायद्याचंच संरक्षण आहे, पण रात्रपाळीच्या रेसिडेंटला हे पटवायला आदेशात दोन ओळी असाव्या लागतात. इथे त्या होत्या.

२९ आठवड्यांना गर्भाशयाला कळांसाठी तयार करणारं मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवशी, सोनोग्राफीखाली बाळाच्या हृदयात सुई नेऊन ठोके थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड. हे काम सरावलेल्या हातानेच व्हावं, कारण औषध चुकून आईच्या रक्तवाहिनीत गेलं तर तिचंच हृदय थांबू शकतं. ठोके थांबल्याचं काही मिनिटं पाहायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करायची. ही दुसरी तपासणी घाईत टाळली जाते. पडदा बाईपासून वळवलेला असावा आणि आवाज बंद. एका सिस्टरने तेवढं केलं आणि बाईचा हात धरून ठेवला. ज्यांना या कामात भाग घ्यायचा नव्हता त्यांची ड्यूटी आधीच बदलली होती, हेही नियोजनातच येतं.

तिसऱ्या दिवशी कळा आणणारं मिसोप्रोस्टॉल. दिवस जितके जास्त तितका डोस कमी, कारण गर्भाशय औषधाला जास्त जोराने प्रतिसाद देतं. पहिलं सिझेरियन असतं तर आणखी जपून, टाका उकलण्याची भीती असते म्हणून. चौदा तासांत प्रसूती झाली. रक्तगट पॉझिटिव्ह असल्याने निगेटिव्ह बायकांना द्यावं लागणारं अँटी-डी इंजेक्शन लागलं नाही.

बाळ बघायचं आहे का, हे आधी विचारून ठेवलं होतं. तेव्हा ती ‘नको’ म्हणाली होती. प्रसूतीनंतर पुन्हा विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणाली. दोनदा विचारायचं ते यासाठीच. पाठ दुपट्यात झाकून, चेहरा उघडा ठेवून बाळ दिलं. तिने दुपटं स्वतः उलगडून पाठ पाहिली.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पिवळ्या पिशवीत जातो तो जगण्याच्या अवस्थेआधीचा गर्भ. हे बाळ त्यात येत नव्हतं, तरी पिशवी तयार ठेवलेली होती. वेळीच कुणाच्या तरी लक्षात आलं. नवरा आणि दीर यांनी कागद घेऊन स्मशानभूमीत लहान बाळांना पुरतात त्या जागी नेलं. बाळाचा पूर्ण एक्स-रे आणि तपासणीचा अहवाल फाइलमध्ये लागला: दोष तिसऱ्या मणक्यापासूनच.

दूध तिसऱ्या दिवशी येतं, आणि याबद्दल कुणी सांगितलेलं नसलं तर बाई हादरते. म्हणून पहिल्याच दिवशी दूध येऊ न देणारं कॅबर्गोलिन १ मिलिग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर मानसोपचार ओपीडीची तारीख दोन आठवड्यांनंतरची. त्याखाली: फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम रोज, पुढचा गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. मज्जानलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, पाळी चुकल्याचं कळेपर्यंत वेळ गेलेली असते. पुन्हा असा दोष होण्याचा धोका शंभरात तीन-चार. कार्डाच्या तळाशी रेसिडेंटने बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ॲनोमली स्कॅन १८ आठवड्यांना, गावी असाल तर तिथल्या जिल्हा रुग्णालयात’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.